करंगळीची साक्ष

हाताला मुंग्या येतात, हात बधिर होतो, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न करंगळीचा विचारावा. "करंगळीलाही येतात का हो?" बहुतेक जण बुचकळ्यात पडतात आणि म्हणतात, "सगळ्याच बोटांना येतात की." उत्तर प्रामाणिक असतं, पण भरवशाचं नसतं. रात्री अडीच वाजता झोपमोड झालेला माणूस बोटं मोजत बसत नाही. तो हात झटकतो, चोळतो, पलंगाच्या कडेवरून खाली सोडतो आणि पुन्हा झोप लागायची वाट बघतो. म्हणून त्याला घरचा अभ्यास द्यायचा: आज जाग आली की दिवा लावा, आणि दुसऱ्या हाताने एकेक बोट चाचपून बघा. पुष्कळ जण पुढच्या खेपेला जरा नवलानेच सांगतात की करंगळी तेवढी शाबूत होती.

करंगळीच्या या साक्षीवर निम्मं निदान होतं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या अनामिकेची तिच्याकडची अर्धी बाजू अल्नर नावाच्या नसेच्या ताब्यात असते. कोपर कशावर आपटलं की ज्या नसेतून झिणझिण्या सरसरत करंगळीत जातात, तीच ही. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू मात्र मीडियन नर्व्हकडे. ही मीडियन नर्व्ह तळहाताच्या तोंडाशी दबली की साडेतीन बोटं ओरडतात आणि करंगळी स्वस्थ असते. अनामिका तर नीट तपासून बघण्यासारखी. कापसाचा बोळा तिच्या अंगठ्याकडच्या कडेवरून फिरवला तर स्पर्श पुसट लागतो, आणि करंगळीकडच्या कडेवरून फिरवला तर अगदी स्पष्ट. एकच बोट असं उभं दुभंगलेलं सापडलं की मानेचा मणका आणि रक्ताभिसरण या दोन्ही संशयितांना बहुधा घरी पाठवता येतं.

या दुखण्याचं नाव कार्पल टनेल सिंड्रोम. टनेल म्हणजे बोगदा, आणि तो मनगटात आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्यामुळे आपण घड्याळाच्या पट्ट्याखाली त्याला शोधतो. प्रत्यक्षात तो थोडा पुढे आहे. अंगठा आणि करंगळी यांची टोकं एकमेकांना लावा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरीसारखा उंचवटा उठेल. काहींना ही दोरी जन्मतःच नसते, त्याने काही अडत नाही. मीडियन नर्व्ह हिच्याच खालून तळहाताकडे जाते. मनगटावरची आडवी घडी ओलांडली की बोगदा सुरू होतो आणि सुमारे तीन सेंटिमीटरमध्ये संपतो. खाली आणि दोन्ही बाजूंना मनगटाची आठ छोटी हाडं कमानीत बसलेली, वरून एका जाड, चिवट अस्थिबंधाचं छत. एवढ्या जागेतून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि एक नस. हाडं सरकत नाहीत, छत ताणत नाही, कंडरा कठीण. आत जरा जरी गर्दी वाढली तरी चेपायला मऊ अशी एकच गोष्ट आहे, आणि ती नेमकी छताला लागून असते.

गर्दी किती वाढते, हे मोजलेलं आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत रिचर्ड गेल्बरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या बोगद्यात बारीक नळी घालून आतला दाब पाहिला. निरोगी हातात, मनगट सरळ असताना, तो सरासरी २.५ मिलिमीटर पारा एवढा भरला. रुग्णांच्या हातात ३२. मनगट आत वाकवल्यावर रुग्णांचा दाब ९४ वर गेला आणि मागे वाकवल्यावर ११० वर. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नसेतल्या सूक्ष्म शिरांमधलं रक्त २० ते ३० मिलिमीटर दाबालाच रेंगाळू लागतं असं दिसलं आहे. म्हणजे या रुग्णांची नस सरळ मनगटातही जेमतेम तग धरून असते. मनगट वाकलं की तिचा श्वास कोंडतो.

मग रात्रीचंच का, हेही यातून उलगडतं. झोपेत आपण मनगटं दुमडून घेतो, हनुवटीखाली किंवा उशीखाली खुपसतो, आणि तशीच तासन्‌तास राहू देतो. आडवं झाल्यावर दिवसभर पायांत उतरलेला द्रव वर सरकतो. बोटांची हालचाल थांबल्यामुळे तो पुढे ढकललाही जात नाही. अशा वेळी जाग येऊन माणूस हात झटकतो, आणि एक-दोन मिनिटांत बरं वाटतं. ही झटकण्याची कृती इतकी ठरावीक आहे की निदानात तिला स्वतंत्र स्थान आहे. "मुंग्या आल्यावर काय करता?" असं विचारावं आणि गप्प बसावं. रुग्ण शब्दांत सांगण्याआधी हाताने करूनच दाखवतो. थर्मामीटरचा पारा खाली आणण्यासाठी झटकतात, तसा. दिवसाही ठरलेल्या वेळा असतात: स्कूटरचं हँडल धरल्यावर, मोबाइल कानाला लावल्यावर, वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून वाचताना.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. पन्नाशीच्या एक काकू आल्यात. हातात पिशवी, पिशवीत फाइल, फाइलमध्ये मानेचा एक्स-रे. दोन वर्षांपूर्वी उजवा हात रात्री झोपू देईनासा झाला. आधी कुणीतरी सांगितलं, रक्त पुरत नाही. मग अशक्तपणा आहे म्हणून बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली. मग एक्स-रेत मणक्यांची झीज दिसली आणि गळ्यात पट्टा आला. पट्ट्याने मान अवघडली, हात होता तिथेच राहिला.

"काकू, वाती वळता का अजून?"

"त्याच तर वळता येईनात, डॉक्टर. कापूस चिमटीत आहे की नाही तेच कळत नाही. सूनबाई बाजारातल्या आणते आता."

"आणि मुंग्या?"

"त्या मात्र कमी झाल्यात. गेले चार महिने रात्रीची जाग नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून घरच्यांना हायसं वाटतं आणि तपासणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मुंग्या येणं म्हणजे नस चिडलेली आहे, पण जिवंत आहे. पहिल्या टप्प्यात दाबामुळे तिचा रक्तपुरवठा अडखळतो. दाब हटला की ती मिनिटांत सावरते. दुसऱ्या टप्प्यात तिच्या तंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण झिजतं आणि संदेश मंदावतो. दाब काढला तर काही आठवड्यांत-महिन्यांत ते भरून येतं. तिसऱ्या टप्प्यात आतले तंतूच मरू लागतात, आणि मेलेला तंतू तक्रार करत नाही. दुखणं ओसरतं, झोप लागते, आणि बोट बधिर ते बधिरच राहतं. कप हातातून सुटतो, ब्लाउजचा हुक लागत नाही, खिशात हात घालून रुपयाचं नाणं कोणतं आणि दोनाचं कोणतं हे सांगता येत नाही.

काकूंना दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरायला सांगायचे आणि कडेने बघायचं. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल भाग असतो, हस्तसामुद्रिकवाले ज्याला शुक्राचा उंचवटा म्हणतात, तो डाव्या हाताला गुबगुबीत आहे आणि उजव्याला बाहेरच्या बाजूने चपटा. ज्योतिषी यावरून संसारसुखाविषयी काय सांगेल कोण जाणे. आपल्याला एवढं कळतं की अंगठा बोटांसमोर आणणारे स्नायू वाळत चालले आहेत, कारण त्यांना हुकूम देणारी मीडियन नर्व्हची बारकी फांदी उपाशी आहे. याच उंचवट्यावरच्या कातडीला टाचणी लावली तर मात्र काकूंना चांगली टोचते. त्या कातडीची जाणीव नेणारी फांदी बोगद्याच्या अलीकडेच वेगळी होऊन छतावरून जाते. म्हणून आत कितीही चेंगराचेंगरी झाली तरी ती वाचते. खाली स्नायू वाळतोय आणि वरची कातडी जागी आहे, हा विरोधाभास ध्यानात आला की बिघाड बोगद्यातच आहे याबद्दल शंका उरत नाही.

काकूंच्या फाइलीतल्या एक्स-रेबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण हा रोग लांबवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. पन्नाशीनंतर मानेच्या मणक्यांत थोडीफार झीज बहुतेकांना असते, हाताला मुंग्या येवोत की न येवोत. त्यामुळे मानेचा एक्स-रे काढला की तो सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. काहीतरी सापडतं, त्याला स्पॉन्डिलायटिस हे नाव मिळतं आणि शोध तिथेच संपतो. मानेतली नस दबल्याने हाताला मुंग्या येत नाहीत असं नाही. पण तिथलं दुखणं मानेपासून खांद्यावरून उतरत येतं, मान वळवल्यावर वाढतं, आणि हात झटकून जात नाही. काहींना दोन्ही असतं. बी-ट्वेल्व्हचंही तसंच. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, ते खरोखर कमी असतं आणि कमी असेल तर द्यायलाच हवं. पण त्याच्या कमतरतेची बधिरता सहसा पायांपासून सुरू होते, दोन्ही बाजूंना सारखी असते, आणि करंगळीला वगळत नाही.

गंमत अशी की काकू रक्तापासून मानेकडे आणि मानेपासून मनगटाकडे ज्या वाटेने दोन वर्षांत आल्या, त्याच वाटेने यायला वैद्यकशास्त्राला सत्तर वर्षं लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनचे सर्जन जेम्स पॅजेट यांनी मनगटाच्या जुन्या इजेनंतर तिथे मीडियन नर्व्ह दबल्याचं वर्णन केलं होतं, पण तो अपघाताचा मामला होता. काहीही न लागता, न पडता ज्यांचे हात रात्री बधिर होतात अशा ३७ रुग्णांचं वर्णन बॉस्टनच्या जेम्स जॅक्सन पटनम यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातल्या बहुतेक बायका होत्या. वर्णन आजही कुठल्याही ओपीडीत जसंच्या तसं खपून जाईल: रात्रीची जाग, हात लोंबकळत सोडणं, चोळणं, सगळं आहे. कारण मात्र हुकलं. हाताच्या रक्तवाहिन्यांत काहीतरी बिघाड असावा, असा तेव्हाचा तर्क होता. पुढे संशय गळ्याच्या बुडाशी, बरगडीपाशी गेला. तिथून हाताकडे येणाऱ्या नसा पहिल्या किंवा जादा बरगडीवर घासत असाव्यात, असं ठरलं आणि त्या बरगड्या कापण्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. किती जणांच्या बरगड्या उगाच गेल्या असतील!

खरं उत्तर मधल्या काळात एकदा सापडलंही होतं. १९१३ मध्ये पॅरिसला पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी एका वृद्धेच्या शवविच्छेदनात दोन्ही हातांचे तसेच वाळलेले उंचवटे पाहिले, आणि नसेचा माग काढत मनगटापर्यंत आले. छताच्या अलीकडे नस गाठीसारखी फुगलेली, छताखाली बारीक झालेली. हा अस्थिबंध वेळीच कापला तर स्नायू वाचतील, असं त्यांनी लिहूनही ठेवलं. कुणी मनावर घेतलं नाही. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं, आणि त्यात जखमी झालेल्या सैनिकांच्या नसांवर काम करताना ज्यूल तिनेल या फ्रेंच डॉक्टरने दुसरीच गोष्ट टिपली: दुखावलेल्या नसेवर बोटाने टिचक्या मारल्या की ती जिथे पोचते तिथे झिणझिण्या उठतात. ही तिनेलची खूण आज मनगटावर करतात, पण ती मुळात तुटलेली नस कुठवर वाढली हे शोधण्यासाठी होती.

शेवटी १९४७ मध्ये रसेल ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये सहा रुग्णांची हकीकत छापली. हातांना कुठलीही इजा नव्हती, अस्थिबंध कापला आणि त्यांना आराम पडला. त्यानंतर अमेरिकेत क्लीव्हलंडच्या जॉर्ज फॅलन यांनी हा विषय असा लावून धरला की १९६६ पर्यंत त्यांच्या नोंदीत ६५४ हात जमा झाले होते. त्यांची तपासणी घरीही करता येते. कोपरं उचलून दोन्ही मनगटं पूर्ण आत दुमडायची आणि बोटं खाली सोडून एक मिनिट तसंच थांबायचं. त्या मिनिटात साडेतीन बोटांत मुंग्या उठल्या तर संशय बळावतो. गेल्बरमन यांचे आकडे आठवा; आपण मुद्दामच दाब वाढवत असतो. ही तपासणी काय किंवा टिचक्यांची काय, एकटी निर्णायक नाही. निरोगी माणसालाही कधी मुंग्या येतात आणि पुढे गेलेल्या रोगात, नस थकलेली असल्यामुळे, येतही नाहीत.

त्यासाठी एनसीव्ही नावाची तपासणी आहे. नसेला विजेचा बारीक झटका देऊन तो बोगदा किती वेळात ओलांडतो ते मोजतात. झटके जरा चिडवतात, सोसवत नाहीत असं नाही. मीडियन नर्व्ह शेजारच्या अल्नरपेक्षा मंद निघाली, आणि तीही फक्त बोगद्यातच, तर प्रश्न मिटला. किती तंतू गेले याचा अंदाजही येतो. मात्र लक्षणं अगदी ठळक असून एनसीव्ही नॉर्मल येणं सुरुवातीच्या काळात शक्य आहे, आणि रिपोर्टमध्ये किंचित बिघाड दिसूनही काहीच त्रास नसणं हेही. स्वीडनमध्ये इसाम अत्रोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एका भागातल्या सर्वसामान्य लोकांची पाहणी छापली. त्यात १४.४ टक्के लोकांना या बोटांत दुखणं किंवा मुंग्या होत्या. डॉक्टरांनी तपासून कार्पल टनेल ठरवला तो ३.८ टक्क्यांत, आणि एनसीव्हीनेही त्याला दुजोरा दिला तो २.७ टक्क्यांत. मुंग्या आल्या म्हणजे हाच रोग, असं समजून लगेच सर्जनकडे धावू नये ते यासाठी.

मग हे होतं कुणाला? पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त, चाळिशी-साठीच्या दरम्यान सर्वाधिक. मधुमेह, थायरॉइड मंदावणं, वजन वाढणं, संधिवात, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर, वर्षानुवर्षं चाललेलं डायलिसिस, ही ठळक कारणं. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत अंगावर पाणी चढतं तेव्हा बोगद्यातही चढतं. बाळंतपणानंतर ते बहुधा आपोआप ओसरतं, म्हणून तिथे घाई करायची नसते. पुष्कळांत यांतलं काहीच सापडत नाही. आई, मावशी, बहीण यांना होतं एवढंच कळतं, आणि आनुवंशिकतेचा वाटा खरोखरच मोठा आहे. एक दुर्मीळ कारण मात्र सांगायलाच हवं. उतारवयातल्या पुरुषाला दोन्ही हातांना हा त्रास झाला, तर क्वचित त्यामागे अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचा साठा असतो. ते आधी मनगटात साठतं आणि काही वर्षांनी हृदयाच्या स्नायूत. अशा माणसाला पुढे दम लागू लागला तर हाताची जुनी शस्त्रक्रिया हृदयरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगावी.

कामाचा संबंध आहे, पण आपण समजतो तसा नाही. जोर, तीच ती हालचाल आणि वाकलेलं मनगट हे तिन्ही एकत्र आले की धोका वाढतो. थरथरणारी यंत्रं, म्हणजे खडक फोडायचं ड्रिल वगैरे, त्याहून वाईट. मांस कापण्याच्या कारखान्यांत, गाईंच्या गोठ्यांत धारा काढणाऱ्यांत हा रोग जास्त आढळला आहे. चादरी पिळणं, भाकऱ्या थापणं यांनी त्रास जाणवतो हे खरं. त्यांनीच तो झाला असं म्हणायला मी धजणार नाही. आणि संगणक? पुण्यातल्या आयटी कंपनीतल्या मुलाला बोट दुखलं की तो स्वतःच निदान सांगत येतो. मेयो क्लिनिकमध्ये २००१ साली दिवसभर संगणकावर काम करणाऱ्यांची पाहणी झाली. लक्षणांवरून १०.५ टक्के आणि एनसीव्ही धरून ३.५ टक्के जणांना हा रोग निघाला, म्हणजे इतरांपेक्षा फार वेगळं काही नाही. २००३ मध्ये डेन्मार्कमधल्या सुमारे ७,००० तंत्रज्ञांच्या पाहणीत कीबोर्डवर बोट ठेवता आलं नाही. आठवड्याला २० तासांहून जास्त माउस धरणाऱ्यांत लक्षणं थोडी वाढली, एवढंच. महागडा वाकडा कीबोर्ड घेण्याआधी थायरॉइड आणि साखर तपासून घेतलेली बरी.

आता उपचार. सुरुवातीच्या, रात्रीपुरत्या त्रासाला सर्वांत आधी द्यायचा तो स्प्लिंट, म्हणजे मनगटाचा पट्टा. इथे एक बारीकशी गोम आहे आणि ती दुकानदार सांगत नाही. तयार मिळणाऱ्या पुष्कळ पट्ट्यांमध्ये तळहाताच्या बाजूने एक धातूची पट्टी असते आणि ती मनगट थोडं मागे झुकवून ठेवते. फ्रॅक्चरनंतर किंवा मुरगळल्यावर ती ठेवण ठीक. आपल्याला मात्र मनगट सरळ रेषेत हवं, कारण मागे वाकलं की दाब वाढतो. ती पट्टी बाहेर काढून हाताने सरळ करावी आणि पुन्हा आत सरकवावी. पट्टा बोटांच्या मुळांपर्यंत येऊ नये, मूठ वळता यायला हवी, आणि घट्ट आवळू नये. रात्री रोज, किमान सहा आठवडे. दिवसा घालायची सहसा गरज नसते. क्रेप बँडेज करकचून गुंडाळून झोपणारे लोक मात्र आपल्याच हाताने बोगदा आणखी अरुंद करतात.

वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग नाही. पुष्कळ रुग्णांच्या बोगद्यातल्या कंडरांवरचं आवरण तपासलं तर त्यात सूज-जळजळ कमी आणि जाड, तंतुमय झालेली ऊती जास्त दिसते. सुजेवरच्या गोळीने तिथे काय होणार? बी-सिक्सच्या गोळ्याही फार खपतात. त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास बी-सिक्स स्वतःच नसांना इजा करतं, हे औषधाच्या पाकिटाकडे बघून वाटत नाही.

बोगद्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन मात्र खरोखर काम करतं, निदान काही काळ. 'लॅन्सेट'मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत सहा आठवड्यांच्या मुदतीत इंजेक्शन स्प्लिंटपेक्षा सरस ठरलं, पण सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच होते. अत्रोशींनीच २०१३ मध्ये स्प्लिंटने न भागलेल्या १११ रुग्णांवर ते आजमावलं. वर्षभरात जास्त मात्रा घेतलेल्यांपैकी ७३ टक्के, कमी मात्रावाल्यांपैकी ८१ टक्के आणि नुसतं पाणी टोचलेल्यांपैकी ९२ टक्के लोक शेवटी शस्त्रक्रियेकडे गेले. या आकड्यांचा अर्थ इंजेक्शन निरुपयोगी आहे असा मी लावत नाही. गरोदर बाई, महिनाभरावर आलेलं मुलीचं लग्न, नुकतंच सापडलेलं आणि औषधाने सुधारणारं थायरॉइड, अशा वेळी काही महिन्यांची उसंत मिळणं ही लहान गोष्ट नाही. मधुमेह्यांनी दोन-चार दिवस साखर वाढेल हे धरून चालावं. मात्र ज्याचा उंचवटा वाळू लागला आहे, ज्याचं बोट आठ प्रहर बधिर आहे, त्याने इंजेक्शनावर इंजेक्शन घेत बसणं म्हणजे जी नस वाचवायची तिलाच वाट बघायला लावणं.

अशांना शस्त्रक्रिया. नेदरलँड्समध्ये १७६ रुग्णांवर झालेल्या, २००२ मध्ये छापलेल्या चाचणीत दीड वर्षाने शस्त्रक्रियेच्या गटातले ९० टक्के आणि स्प्लिंटच्या गटातले ७५ टक्के जण बरे होते. आणि स्प्लिंटवाल्यांपैकी ४१ टक्क्यांनी तोवर शस्त्रक्रिया करूनही घेतली होती.

नाव ऐकून जेवढी धास्ती वाटते तेवढं त्यात काही नसतं. पूर्ण भूल लागत नाही. तळहातात बधिर करण्याचं इंजेक्शन, टोचतं तेवढं ते एकच. त्यात अॅड्रेनालिन मिसळलं की रक्त फार येत नाही आणि दंडाला आवळपट्टी बांधावी लागत नाही. कॅनडाचे सर्जन डॉनल्ड लालोंड यांनी ही पद्धत रूढ केल्यापासून रुग्ण गप्पा मारत टेबलावर पडून असतो. अनामिकेच्या रेषेत, तळहाताच्या बुडाशी दोन-तीन सेंटिमीटरचा छेद. कातडीखाली चरबी, तिच्याखाली पांढरट पडदा, आणि त्याखाली आडव्या तंतूंचा तो अस्थिबंध, चांगला जाड आणि चकचकीत. तो कापताना पात्याला करकर जाणवते. शेवटचा तंतू सुटला की दोन्ही कडा आपसूक बाजूला सरकतात आणि खाली नस दिसते; जिथे दबली होती तिथे चपटी आणि फिकट, तिच्या दोन्ही अंगांना फुगलेली. सर्जनची सगळी सावधगिरी अंगठ्याच्या स्नायूंकडे जाणाऱ्या फांदीसाठी असते. ती प्रत्येकाच्या हातात थोड्या वेगळ्या वाटेने जाते, आणि चुकून कापली गेली तर अंगठाच जातो. अमेरिकेतल्या नुकसानभरपाईच्या दाव्यांवरून तिला सर्जन मंडळी 'मिलियन डॉलर नर्व्ह' म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांत टाके पडतात आणि माणूस चालत घरी जातो. दुर्बिणीतूनही हेच करता येतं. कामावर थोडं लवकर परतता येतं, खर्च वाढतो, आणि वर्षाअखेर दोन्हींत फरक उरत नाही.

कापलेला अस्थिबंध पुढे व्रणाच्या ऊतीने जोडला जातो, पण सैल, त्यामुळे बोगदा ऐसपैस राहतो. रात्रीची झोप बऱ्याचदा पहिल्याच रात्री परत मिळते. बाकी सगळं इतक्या झटपट होत नाही, आणि हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण महिन्याभराने चिडून येतो. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तळहाताच्या बुडाशी, छेदाच्या दोन्ही अंगांना, दाबल्यावर दुखतं. जमिनीवर हात टेकून उठताना, कणीक तिंबताना, सायकलचं हँडल धरताना ते विशेष जाणवतं आणि दोन-तीन महिने राहू शकतं. पकड परतायलाही तेवढाच काळ. बोटं मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची असतात. हात गळ्यात बांधून महिनाभर बसलं तर कंडरा व्रणात चिकटतात.

बधिरपणाचा हिशेब आधी गेलेल्या दिवसांवर ठरतो. नुसतं आवरण झिजलं असेल तर काही आठवड्यांत संवेदना उजळते. तंतूच मेले असतील तर नवे तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने बोटाच्या टोकापर्यंत वाढत जातात, तेही सगळे नाहीत. वाळलेला उंचवटा, विशेषतः म्हाताऱ्या हातात, पूर्ण भरून येईल अशी आशा कुणी दाखवू नये. काकूंना वाती पुन्हा वळता येतीलही, पण त्या कापूस डोळ्यांनी बघत वळतील. आणि अंगठा फारच अडत असेल तर शेजारची एखादी कंडरा वळवून त्याला जोडून देण्याची शस्त्रक्रियाही करता येते.

हा रोग पुष्कळदा दोन्ही हातांत असतो, तेव्हा आधी कोणता हात, हा प्रश्न येतो. जो जास्त वाईट तो आधी, एवढं ठरलेलं. दोन्ही एकाच वेळी करणारेही सर्जन आहेत. घरात पाणी भरायला, भांडी उचलायला दुसरं कुणी आहे का, हे विचारून मगच तो निर्णय घ्यावा. एकेक करणाऱ्यांना मात्र कधी कधी अनपेक्षित नफा होतो: एका हाताची शस्त्रक्रिया झाली की दुसऱ्याच्या मुंग्याही काही रुग्णांत कमी होतात. म्हणून दुसऱ्या हाताची तारीख लगेच ठरवून टाकू नये. त्याला रात्रीचा स्प्लिंट लावावा, दोन-तीन महिने जाऊ द्यावेत आणि मग पुन्हा तपासावं.